अर्धं बोट वर

ऑइल कमी असलं की इंजिन मरतं, हे कुणालाही पटतं. जास्त झालं तरी मरतं, हे मात्र सांगून सांगून मिस्त्रींचं तोंड दुखलं होतं. "थोडं वर गेलं तर काय बिघडलं? असू दे की जरा जास्तीचं!" असं म्हणणारी गिऱ्हाइकं त्यांनी आयुष्यात ढिगानं पाहिली, आणि प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "कमरेएवढ्या पाण्यातून पळून दाखवा, मग बोलू." इंजिनाच्या पोटात क्रँक गरगरा फिरत असतो. ऑइल त्याच्या अंगाला लागेल इतकं वर चढलं की तो ते घुसळत बसतो, त्याचा फेस होतो, आणि फेसावर कुठलं इंजिन चालतंय! म्हणून तर ती लांब लोखंडी पट्टी इंजिनात खोचलेली असते. तिच्यावर दोन खुणा. ऑइल खालच्या खुणेच्या वर पाहिजे आणि वरच्या खुणेच्या पुढं जाता कामा नये. संपलं. एवढी साधी गोष्ट आहे.

आणि अशा माणसाच्या हातून एका महिन्यात तीन गाड्यांत ऑइल जास्त भरलं गेलं. आता बोला!

पहिली गाडी दातांच्या डॉक्टरांची. ऑइल बदलून नेली आणि आठवड्यात मागून निळा धूर सोडत परत आली. दुसरी शाळेतल्या बाईंची. त्यांच्या दारात, जिथं गाडी उभी असते तिथं, ऑइलचं थारोळं. तिसरी टॅक्सी. चढावर तिचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला, आणि टॅक्सीवाला गॅरेजच्या दारातूनच ओरडत आला, "मिस्त्री, माझ्या पोटावर उठलात की काय?" तिन्ही वेळा मिस्त्रींच्या लेकीनं चेंबर रिकामा करून ऑइल मापाच्या भांड्यात मोजलं. तिन्ही वेळा अर्धा लिटर जास्त.

लेक आता गॅरेजची मालकीण होती. छत्तीस वर्षांची, दोन भुवयांच्या मधे कायमची एक आठी, आणि गिअरबॉक्स उघडून बसली की जेवणाची शुद्ध नाही. सहा वर्षांपूर्वी मिस्त्रींनी आपण होऊन किल्ल्या तिच्या हातात दिल्या होत्या आणि त्याचा त्यांना एक दिवस पस्तावा झाला नव्हता. पहिल्या गाडीच्या वेळी तिनं नुसतं जास्तीचं ऑइल काढून गाडी परत दिली. दुसऱ्या वेळी "होतं असं कधी कधी" म्हणाली. तिसऱ्या वेळी टॅक्सीवाला गेल्यावर ती फडक्याला हात पुसत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि हात जरा जास्तच वेळ पुसत राहिली.

"बाबा, थोडे दिवस ऑइल मी बघते."

"का? डोळे फुटले का माझे?"

"असं कोण म्हणतंय?"

म्हणत कुणीच नव्हतं, पण मनात सगळ्यांच्या तेच होतं. मिस्त्रींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. आधी एक डोळा, मग दुसरा, असे ते दीड महिना घरी बसून बायकोचं डोकं खात होते. परत कामावर आले आणि लगेच या तीन गाड्या. मग कुणाचंही बोट डोळ्यांकडेच जाणार. वेल्डर तर दुसऱ्याच दिवशी पाच बोटं समोर धरून म्हणाला, "मिस्त्री, किती?" हा वेल्डर गॅरेजच्या बाजूच्या शेडमध्ये वीस वर्षं काम करत होता आणि त्याच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "पाच. आणि अंगठ्याचं नख काप, जरा लाज बाळग." सगळे हसले, पण ते हसणं मिस्त्रींना काही गोड लागलं नाही.

ते तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. समोरच्या पाटीवरची सगळ्यात बारीक ओळ त्यांनी घडाघडा वाचली, आणि खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. डॉक्टर म्हणाले, "काका, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. या आता." मिस्त्रींना असं हलकं हलकं वाटलं की दवाखान्याच्या निम्म्या पायऱ्या ते शीळ घालत उतरले. मग शीळ थांबली. कठड्याला धरून ते तिथंच पायरीवर बसले.

डोळे ठीक असतील, तर मग काय बिघडलं?

त्यांचे थोरले भाऊ असेच गेले होते. आधी किल्ल्या कुठं ठेवल्या ते विसरले, मग रस्ते, मग माणसं. शेवटी शेवटी मिस्त्रींनाच "आपण कुठले?" म्हणून अदबीनं विचारायचे. सुरुवात कशी झाली होती? अशीच. घड्याळ दुरुस्त करण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यांच्या हातून एके दिवशी एक घड्याळ उलटं जोडलं गेलं. सगळे म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"डोळे उत्तम आहेत म्हणाले."

"मग तोंड असं का झालंय?"

लेकीची छत्तीस आणि त्याआधीची दोन, अशी अडतीस वर्षं संसार केलेली बाई. तिला काय कळायचं राहतंय? त्याच संध्याकाळी तिनं आणि लेकीनं फोनवर बराच वेळ कुजबुज केली, आणि सकाळी चहाचा कप पुढं ठेवताना बायको सहज बोलल्यासारखं म्हणाली, "सोमवारी एका डॉक्टरची वेळ घेतलीय. डोक्याच्या. नुसतं दाखवून येऊ." मिस्त्री हो म्हणाले. मुकाट्यानं हो म्हणाले, याचाच बायकोला जास्त धसका बसला.

सोमवारला चार दिवस होते. ते चार दिवस मिस्त्री गॅरेजमध्ये स्टुलावर बसून काढत होते. कुणी ब्रेकचं काम दिलं की करायचे, पण केलेलं काम लेक नकळत पुन्हा तपासायची, आणि ते नकळत त्यांना कळायचं. नट आवळला की ती येता-जाता पाना लावून बघायची. टायरवर हात ठेवायची. रागवावं तरी कसं? तिच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं. पण जीव तुटायचा. शनिवारी दुपारी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. उद्या गॅरेज बंद. आपली स्वतःची जुनी गाडी घेऊन यायचं, एकट्यानं ऑइल बदलायचं, आणि बघायचं. बरोबर भरलं तर ठीक. चुकलं, तर सोमवारच्या डॉक्टरनं सांगायच्या आत आपणच हत्यारं खाली ठेवायची. दुसऱ्या कुणी हातातून काढून घेण्यापेक्षा ते बरं.

रविवारी दहा वाजता त्यांनी शटर वर केलं. आत छान उजेड होता. लेकीनं त्यांच्या ऑपरेशनच्या दिवसांत गॅरेजचा नक्षाच बदलून टाकला होता. भिंतींना पांढरा रंग, नवे दिवे, आणि चाकांची दिशा जुळवायचं ते नवं यंत्र. कधीपासून तिला ते हवं होतं. त्या यंत्राला जमीन सपाट लागते म्हणून तिनं जुना खरबरीत कोबा भरून घेऊन वर गुळगुळीत राखाडी जमीन करून घेतली होती. मिस्त्रींनी आल्या आल्या ती बघून "झकास!" म्हटलं होतं आणि तो विषय तिथंच संपला होता.

गाडी नेहमीप्रमाणे नाक मागच्या भिंतीकडे करून त्यांनी आत घेतली. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून ऑइल कोमट केलं, म्हणजे ते नीट उतरतं. पुढची बाजू जॅकनं उचलून खाली भक्कम आधार दिले. परात सरकवली, तळाचा बोल्ट सोडवला. काळं ऑइल धारेनं परातीत पडायला लागलं. हात कसे चालत होते! एक बोट कुठं अडखळलं नाही. मिस्त्रींना जरा धीर आला. जुना फिल्टर काढला, नव्याच्या रबराला ऑइलचं बोट फिरवलं, हातानं आवळला. आता तळाच्या बोल्टला नवा तांब्याचा वायसर घालायचा आणि बोल्ट बसवायचा.

वायसर त्यांच्या ऑइलच्या बोटांतून निसटला. टण्ण् आवाज झाला.

मिस्त्री गाडीखालून बाहेर सरकले, उठले, आणि मागच्या भिंतीपाशी जाऊन शोधायला लागले. भिंतीच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. नाही. गुडघ्यांवर बसून कपाटाखाली हात घातला. नाही. काठीनं कपाटामागं खरवडलं. एक जुना स्पार्क प्लग निघाला, एक पेन निघालं, वायसर काही नाही. घाम फुटला. एवढासा वायसर, गेला कुठं?

"काय चाललंय मिस्त्री?" शेडमध्ये आपलं फाटकाचं काम उरकायला आलेला वेल्डर दारात उभा होता.

"वायसर पडलाय."

"कुठं पडला?"

"गाडीखाली."

वेल्डरनं वाकून गाडीखाली बघितलं. मग मिस्त्रींकडे बघितलं. मग पुन्हा गाडीखाली. त्याच्या त्या कायम चिडवणाऱ्या तोंडावर आता चिडवणं नव्हतं.

"मिस्त्री," तो हळूच म्हणाला, "वायसर हा इथं आहे. परातीच्या शेजारी. पडला तिथंच. तुम्ही तिकडं भिंतीपाशी काय शोधताय?"

मिस्त्री गुडघ्यांवर तसेच राहिले. झालं, त्यांच्या मनात आलं, सोमवारची वाट बघायचीच गरज नाही. गाडीखाली पडलेली वस्तू चार पावलांवर भिंतीपाशी शोधणारा माणूस. थोरले भाऊ गेले तेच हे. त्यांनी डोळे मिटून घेतले. पण मिस्त्रींना एक सवय होती, आणि ती अशा वेळीही सुटली नाही. गाडी परत आली की ते आधी विचारायचे, का? बिघाड काय ते नंतर, आधी का. म्हणून गुडघ्यांवर बसल्या बसल्या त्यांनी स्वतःलाच विचारलं, मी भिंतीपाशी का आलो?

आणि उत्तर लगेच आलं. कारण पडलेली वस्तू भिंतीपाशीच जाते.

एकतीस वर्षं जात होती! ही जागा मुळात बर्फाच्या कारखान्याची. वितळलेलं पाणी वाहून जावं म्हणून तिची जमीन मागच्या भिंतीच्या गटाराकडे उतरती केलेली. नट पडो, बोल्ट पडो, वायसर पडो, तो घरंगळत भिंतीला जाऊन लागायचा. गाडीखाली कोण शोधत बसतो? सरळ भिंतीपाशी जायचं आणि उचलून आणायचं. विचार करावाच लागत नव्हता, पायच जायचे.

मिस्त्री उठले. खिशातून एक नट काढला आणि हातभर उंचीवरून खाली सोडला. तो उडाला, जागेवरच गोल गोल फिरला, आणि निजला. त्यांनी दुसरा सोडला. तोही निजला. तिसरा सोडला आणि त्यांना हसू फुटलं. हसू कसलं, खदखदून, पोट धरून. वेल्डर दोन पावलं मागं सरकला.

"सपाट आहे रे!" मिस्त्री ओरडले. "जमीन सपाट आहे!"

"हो," वेल्डर अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "सपाट आहे. बसा तुम्ही. पाणी देऊ का?"

"पाणी कसलं देतोस, दोन फळ्या दे! तुझ्या शेडमधल्या, चार बोटं जाडीच्या. पळ!"

वेल्डर पळाला, पण आधी त्यानं कोपऱ्यात जाऊन लेकीला फोन लावला. फोनवर तो काय बोलला ते नंतर सगळ्यांना कळलं. तो म्हणाला, "ताई, लगेच या. मिस्त्री एकटेच नट खाली टाकतायत आणि हसतायत."

तेवढ्यात मिस्त्रींनी बोल्ट बसवला, गाडी चारी चाकांवर खाली उतरवली, आणि कपाटातून लेकीचं मापाचं भांडं काढलं. या भांड्याला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. "भांड्यानं काय भरायचं, स्वयंपाक आहे का?" असं ते म्हणायचे. पण आज त्यांनी मोजून, एका डोळ्यानं रेघ बघत, या गाडीला लागतं तेवढंच साडेतीन लिटर ऑइल घातलं. इंजिन सुरू केलं, म्हणजे नवा फिल्टर भरतो. बंद केलं. वर चढलेलं ऑइल खाली यायला पाच मिनिटं थांबले. ही पाच मिनिटं ते कुणासाठी कमी करत नसत, आज तर घड्याळ लावून बसले. मग पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली.

ऑइल बरोब्बर वरच्या खुणेवर.

आणि त्यांचा उजवा हात नरसाळ्याकडे निघाला होता! त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. खुणेवर आलंय हे डोळ्यांना दिसत होतं आणि हात म्हणत होता, अजून थोडं, अर्धं बोट वर.

वेल्डरनं फळ्या आणल्या. मागची चाकं त्या फळ्यांवर चढवली, तसं गाडीचं नाक पूर्वीसारखं खाली झालं. पुन्हा पाच मिनिटं. पुन्हा पट्टी. आता तेच साडेतीन लिटर खुणेच्या अर्धं बोट वर दिसत होतं. गाडी नाकावर उतरती म्हणून ऑइल पुढं गोळा झालेलं, आणि पट्टीही पुढच्याच अंगाला. जुन्या जमिनीवर बरोबर भरायचं म्हणजे अर्धं बोट वर भरायचं, आणि एकतीस वर्षं मिस्त्रींचा हात ते बिनबोभाट करत आला होता. ज्या थोड्या गाड्यांची पट्टी मागच्या अंगाला असते, त्यांना हा हात तितकंच कमी भरायचा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सुरुवातीला दोन-चार गाड्या चुकल्या असतील, हातानं धडा घेतला असेल, आणि डोक्याला कळवायचं राहून गेलं असेल.

"म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही," वेल्डर म्हणाला.

"जमिनीला झालंय," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांना रडू आलं. वेल्डर पटकन फळी उचलायचं निमित्त करून बाहेर गेला. काही असो, माणूस समजूतदार होता.

लेक धावतच आली. केस न विंचरलेले, पायांत दोन तऱ्हेच्या चपला. मिस्त्रींनी तिला हाताला धरून बॉनेटपाशी नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं. वायसर, भिंत, बर्फाचा कारखाना, फळ्या. फळ्यांवर चढवून दाखवलं, उतरवून दाखवलं. एखाद्या पोरानं पहिला नंबर आल्याचं सांगावं तसं ते सांगत होते. "डोकं ठीक आहे माझं! डोळे ठीक, डोकं ठीक! तुझी जमीन सपाट झाली, बाकी काही नाही!" लेकीनं आधी खोल श्वास सोडला. डोळे पुसले. हसली. त्यांच्या दंडाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

मग तिनं दंड सोडला. पट्टी हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिली.

"काय झालं?" मिस्त्री म्हणाले.

"बाबा, म्हणजे मी शिकत होते तेव्हा तुम्ही माझ्यामागं येऊन वर ओतायचात, ते हे?"

"कधी?"

"रोज. मी खुणेपर्यंत भरायचे. तुम्ही यायचात, पट्टी काढायचात, काही न बोलता अजून ओतायचात. मला कळायचंच नाही काय चुकलं. मी खूण नीट बघायचे, तरी तुम्ही ओतायचात. दोन महिन्यांनी म्हणालात, इंजिनं तू कर, ऑइल मी बघतो, तुला त्याची नजर नाही."

मिस्त्री आठवायला लागले. खूप आठवलं. सतरा वर्षांची पोर, दोन वेण्या, तोंडाला काजळी, हे आठवलं. ते वाक्य आठवेना. भावाचा आजार वगैरे काही नाही, डोकं ठणठणीत होतं हे आत्ताच सिद्ध झालं होतं. बोलून टाकलं होतं आणि विसरले होते, एवढंच. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"म्हणून तू भांडं वापरतेस?"

"मग काय करणार? पुस्तकात बघून मापानं घालायचे. आणि मापानं घालून पट्टी बघितली की ती खुणेच्या वर दाखवायची. माप खोटं नसणार, म्हणजे मलाच पट्टी वाचता येत नाही. सगळं गॅरेज चालवते मी बाबा, अख्खं इंजिन उतरवून चढवते, आणि गिऱ्हाईक समोर असलं की पट्टी काढताना माझ्या हाताला घाम येतो. अजून येतो." ती थांबली. "गेल्या महिन्यात पहिल्यांदा माप आणि पट्टी जुळायला लागली. मला वाटलं, आलं बाई एकदाचं आपल्याला! आणि नेमकं तेव्हाच तुमचं बिघडलं. मला आनंदही धड करता येईना."

मिस्त्री स्टुलावर बसले. गेले तीन आठवडे त्यांनी जे भोगलं होतं ते त्यांना नीट ठाऊक होतं. आपलं केलेलं कुणीतरी मागून येऊन तपासतंय, काही बोलत नाही, आणि आपल्यात काय कमी आहे ते आपल्याला कळत नाही. तीन आठवड्यांत ते हत्यारं टाकायला निघाले होते. या पोरीनं एकोणीस वर्षं काढली होती, आणि हत्यारं टाकली नव्हती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तुला उतार सांगायला पाहिजे होता. मलाच माहीत नव्हता, पण तेही खरं म्हणजे निमित्तच. तू एवढं नीट बघून भरतेस तर चुकतं का, असं मी विचारायला पाहिजे होतं. गाडीला विचारतो मी. तुला नाही विचारलं."

ती लगेच "असू दे हो बाबा" म्हणाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती तसं म्हणाली नाही. "मला फार वाईट वाटायचं," एवढंच म्हणाली, आणि खिशातून फोन काढला. "तुम्ही परत आल्यापासून तुमच्या हातानं ऑइल भरलेल्या अजून आठ गाड्या बाहेर फिरतायत. त्यांतल्या दोन गाड्यांची पट्टी मागच्या अंगाला, म्हणजे त्यांच्यात कमी असणार. त्यांना आधी बोलावते."

आठही जणांना फोन गेले. कमी ऑइलवाल्या दोन गाड्या दुपारपर्यंत येऊन गेल्या. तिसरा बेकरीवाला, तो आपली पाव पोचवायची गाडी घेऊन चारच्या सुमाराला आला. जुनं गिऱ्हाईक, पण वैतागलेलं, कारण सुट्टीच्या दिवशी त्याची झोपमोड झाली होती.

"काय झालं काय पण गाडीला?"

"गाडीला काही नाही," मिस्त्री म्हणाले. "ऑइल मी जास्त भरलं होतं. चूक माझी."

मिस्त्रींच्या तोंडून हे शब्द ऐकणारं ते पहिलंच गिऱ्हाईक असावं. मिस्त्रींनी गाडीखाली जाऊन बोल्ट सैल केला, थोडं ऑइल सोडलं, बोल्ट आवळला. इंजिन चालवलं, बंद केलं. पाच मिनिटं सगळे थांबले. मग लेकीनं मापाचं भांडं पुढं ओढलं, सवयीनं, पूर्ण काढून मोजावं म्हणून. मिस्त्रींनी ते तिच्या हातातून घेतलं आणि पट्टीकडे बोट केलं.

"तू बघ."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. मग हात पँटला पुसले, पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. उजेडाकडे आडवी धरली. बराच वेळ धरली.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

बेकरीवाला पुढं झाला. "मिस्त्री, तुम्ही एकदा बघून घ्या ना. एकदा घोळ झालाय म्हणून म्हणतो. तुमची नजर पडली की आम्हाला घोर नाही."

मिस्त्रींचा हात निघालाच होता. एकतीस वर्षांचा हात, त्याला कोण अडवणार? लेकीनं पट्टी त्यांच्यापुढं धरली, नुसती धरली, आणि मान खाली घातली. तिच्या कपाळावर घाम होता.

मिस्त्रींनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"तिनं बघितलंय," ते म्हणाले, आणि पट्टीकडे न बघता दारापर्यंत चालत जाऊन त्यांनी बेकरीवाल्याला गाडी मागं घ्यायला जागा करून दिली.